जपानच्या भूगर्भाचा पहिला नकाशा

१८७० सालीं हिंदुस्थान सरकारनें बेंजामिन स्मिथ लायमन या अमेरिकन भूस्तरशास्त्रज्ञास पंजाबांत बोलाविलें. रावळपिंडीकडे खडकांतून तेल पाझरत असे. त्याची पाहणी एवढेंच त्याचें काम. तो प्रदेश आज पाकिस्तानांत आहे. पॅरिस व फ्रायबेर्ग येथें खाणविद्या शिकलेला हा गृहस्थ अहवाल देऊन निघून गेला.

जपानांतील कामगिरी मात्र निराळी होती. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर त्या देशानें परकीय तज्ज्ञ भरपूर वेतन देऊन आणले, पण त्यांना कायमचें ठेवून घेण्याचा त्याचा मुळींच बेत नव्हता. त्यांची विद्या तेवढी हवी होती. १८७३ सालीं लायमन होक्काइदो बेटाच्या वसाहत खात्यांत रुजू झाला. मदतनीस म्हणून मिळाले ते शाळेंतून उचललेले कोंवळे तरुण. त्यांना त्यानेंच घडविलें. उन्हाळ्यांत अरण्यांत मोजणी, हिवाळ्यांत तोकियोंत नकाशे काढणें. कोळशाचा थर जेथें उघडा पडतो तेथें त्याचा उतार मोजावयाचा, आणि तो डोंगराच्या पोटांत किती खोल गेला असेल तें कागदावर रेषांनीं दाखवावयाचें. खाण खणण्यापूर्वींच तिचा अंदाज बांधण्याची ही विद्या! १८७६ सालीं होक्काइदोचा नकाशा प्रसिद्ध झाला. जपानांत असा भूस्तरीय नकाशा तोंवर झाला नव्हता. इशिकारी खोऱ्यांतील कोळशाचें महत्त्व या पाहणीनें उघड झालें.

पुढें एचिगोच्या तेलक्षेत्राची पाहणी करून तो मायदेशीं परतला. १८८८ सालीं त्याचा शिष्य बान इचितारो याला युबारीच्या डोंगरांत कोळशाचा जाड थर सांपडला. तेथील खाणी १९९० पर्यंत चालल्या. ही जागा लायमनला स्वतःला सांपडती तर त्याची कीर्ति वाढली असती. शिष्याला सांपडली, यांत त्याचें काम अधिक दिसतें.

हा गृहस्थ शाकाहारी होता. १९१७ सालीं त्यानें पाककृतींचें पुस्तकहि लिहिलें. भाषापंडित त्याला ओळखतात तें आणखी निराळ्याच कारणानें. वाक् आणि ईश मिळून ‘वागीश’ होतो; तेथें पूर्वपदाचें अंत्य व्यंजन मृदु होतें. जपानी समासांत उत्तरपदाचें आद्य व्यंजन मृदु होतें; ‘ओरि’ व ‘कामि’ मिळून ‘ओरिगामि’. मग ‘कामि’ व ‘काझे’ मिळून ‘कामिगाझे’ कां होत नाहीं? उत्तरपदांत ‘झ’ हें मृदु व्यंजन आधींच आहे म्हणून. १८९४ सालीं त्यानें हा नियम मांडला. मोतोओरी नोरिनागा या जपानी पंडितानें तो शतकापूर्वींच ओळखला होता, तरी नियमाला नांव लायमनचेंच चिकटलें. १९२० सालीं तो वारला.