‘वय झालं’ म्हणण्यापूर्वी

कोल्हार-घोटी रस्त्याने संगमनेर आणि अकोले मागे टाकून पश्चिमेकडे निघाले, की सह्याद्रीच्या रांगा जवळ येऊ लागतात आणि राजूर लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्याची ही बाजारपेठ. पुढे प्रवरेवरचे, १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण आणि त्याच्या उशाशी कळसूबाई. आसपासच्या वाड्यांमधील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांतील अनेक तरुण नाशिक, मुंबई, पुण्याकडे कामाला गेले. भातखाचरे, गुरे आणि घर आईवडिलांकडे राहिले. शहरात स्थिरावलेल्या कित्येक वाचकांचे आईवडीलही अशाच एखाद्या गावी असतील. फोनवर प्रकृतीची चौकशी केली, की उत्तर ठरलेले असते, ‘चालायचंच, वय झालं.’ आपणही ते मान्य करून फोन ठेवतो. या दोन शब्दांच्या आड किती बरे होण्याजोगे आजार दडून राहतात, याची आपल्याला कल्पना नसते.

वयाबरोबर शरीर बदलते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण तीन ते आठ टक्के घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. डोंगरातील म्हातारा काटक असतो, अशी शहरी समजूत आहे. ती अर्धीच खरी. रोजच्या चढउताराने हृदय आणि पाय बळकट राहतात, हे खरे. पण वर्षानुवर्षे पावसात वाकून भाताची आवणी केल्याने आणि डोक्यावरून ओझी वाहिल्याने कंबर व गुडघे झिजतात, तेही खरेच. शहरातील निवृत्त माणसाची तऱ्हा उलटी. त्याचे गुडघे फारसे वापरलेच गेलेले नसतात आणि मांड्यांतील बळ मात्र खुर्चीत बसून ओसरलेले असते. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येते का, हे साठीनंतर प्रत्येकाने अधूनमधून पाहावे. येत नसेल, तर ताकदीचा व्यायाम हवा. नुसती संध्याकाळची फेरी पुरत नाही. नव्वदीतील माणसांच्याही पायांत आठ आठवड्यांच्या व्यायामाने बळ येते, हे अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासाने १९९० मध्येच दाखवून दिले आहे. व्यायामाला जोड हवी प्रथिनांची. दात गेले, की चहात चुरलेली भाकरी किंवा पोळी एवढ्यावर जेवण आटोपले जाते आणि डाळ, उसळ, दूध, अंडी ताटातून हळूहळू नाहीशी होतात. कवळी बसवणे हा चैनीचा खर्च नव्हे, तो जेवणाचा खर्च आहे.

डोळ्यांचे दुखणे त्याहून फसवे असते. साठीच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू त्यानंतरचा. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांना त्याचा धोका अधिक. ‘आता दिसायचं तेवढं दिसतं’ म्हणून वर्षे काढली जातात आणि मग एखाद्या पावसाळी रात्री, परसाकडे जाताना, उंबऱ्यावर पाय अडखळतो. पाळी गेल्यानंतर ठिसूळ झालेले खुब्याचे हाड त्या एका पडण्याने मोडते. त्यानंतर अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होते. पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर एक दिवा लावायला तर काहीच लागत नाही. अंथरुणातून एकदम उठू नये, क्षणभर काठावर बसून मग उभे राहावे, हेही घरातील सर्वांना ठाऊक हवे. कारण उतारवयात उठताच रक्तदाब खाली येण्याचे प्रमाण वाढते.

कानांविषयी तर आपण फारच बेपर्वा असतो. वयाने आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने निसटतात आणि शब्दाचा अर्थ लागत नाही. आपण मोठ्याने ओरडतो. माणूस खजील होतो, हळूहळू ओसरीवरच्या गप्पांतून उठून जातो. घरचे म्हणतात, ‘हल्ली त्यांचं लक्षच नसतं.’ ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत ऐकू न येणे आणि उपचाराविना राहिलेली दृष्टिमंदता ही दोन्ही आहेत. ही सारी कारणे दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्या आयोगाचा अंदाज आहे.

येथे ‘साठी बुद्धी नाठी’ या आपल्या म्हणीचा समाचार घेणे भाग आहे. नाव चटकन न आठवणे, चष्मा कोठे ठेवला ते विसरणे, नवे शिकायला वेळ लागणे हे वयाचे लक्षण. पण नेहमीच्या बाजारातून घरची वाट चुकणे, स्वयंपाकाचा क्रम विसरणे, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणे हे वय नव्हे. तो आजार असू शकतो. त्यातही सर्वच स्मृतिभ्रंश असतो असे नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा मंदपणा आणि नैराश्य यांनीही असाच विसराळूपणा येतो आणि उपचाराने तो पुष्कळदा सुधारतो. पहिल्या दोहोंसाठी तर साधी रक्ततपासणी पुरते.

आणखी एक शब्द आपल्या घरांत फार सैलपणे वापरला जातो: चळ. काल नीट बोलणारी आजी आज एकाएकी असंबद्ध बोलू लागली, रात्रभर जागून कोणाकोणाला हाका मारू लागली, की ‘तिला चळ लागला’ म्हणून गाव मोकळे होते. दोन-चार दिवसांत उद्भवलेला असा गोंधळ हा तातडीने डॉक्टरांना दाखवण्याचा प्रकार आहे. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, शरीरातील पाणी कमी होणे, साधी बद्धकोष्ठतासुद्धा त्यामागे असू शकते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि संसर्ग असूनही ताप चढतोच असे नाही, त्यामुळे फसगत होते. कित्येकदा दोषी असतात त्या गोळ्या. रक्तदाबासाठीच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीने सोडियम उतरते. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी भ्रम होतो. मूत्रपिंडाचे काम मंदावल्याने औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात. राजूरचे औषध, संगमनेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि नाशिकहून मुलाने पाठवलेल्या गोळ्या अशी तिन्ही एकत्र चालू असतील, तर सारी पाकिटे एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ओतावीत.

मनाचे दुखणे गावाकडे क्वचितच मनाचे म्हणून सांगितले जाते. अंग दुखते, भूक नाही, पहाटे तीनला जाग येते, अशा तक्रारींतून ते बोलते. ‘आता जगून काय करायचं’ हे वाक्य म्हाताऱ्या माणसाचे नेहमीचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये.

अशा वेळी मुलांना सुचणारा उपाय म्हणजे आईवडिलांना शहरात आणणे. पुष्कळदा तो आवश्यकही असतो. पण याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे पाहावे. १९६४ चा जन्म, म्हणजे साठी उलटलेली. देशी बियाण्यांच्या जतनासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. भात, नागली, वाल यांचे बी निवडणे आणि राखणे हे ज्ञान या भागात थोरल्या बायकांचे. अशा बाईला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून ‘आता आराम कर’ म्हणणे म्हणजे तिचे पद काढून घेणे होय. आणायचेच असेल, तर घरातील एखादे काम पूर्णपणे तिच्या हवाली करावे आणि आवणी-कापणीच्या दिवसांत तिला गावी जाऊ द्यावे. पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य झाला आहे. सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान संरक्षण २०२४ पासून लागू झाले. त्याचे कार्ड मात्र स्वतः काढून घ्यावे लागते. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे.

आणि पुढच्या फोनवर ‘तब्येत कशी आहे’ हे विचारूच नये. आज कुठपर्यंत चालून आलात, दुपारी ताटात काय होते, रात्री कितीदा उठलात, शेजारी कोण येऊन गेले, हे विचारावे आणि मागच्या महिन्याच्या उत्तराशी ताडून पाहावे.