सदृश–अंकीय परिवर्तकातील विवर्धकाची पट्टरुंदी

सतत बदलणाऱ्या विद्युत् दाबाचे ठराविक कालांतराने नमुने घेऊन त्यांचे अंकांत रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीला सदृश–अंकीय परिवर्तक म्हणतात. मोजावयाचा दाब पुष्कळदा क्षीण असल्याने परिवर्तकातच विवर्धक अंतर्भूत केलेला असतो. विवर्धन मूळ मूल्याच्या सु. ७०·७% उरते त्या कंप्रतेपर्यंतच्या व्याप्तीला विवर्धकाची पट्टरुंदी म्हणतात. ही मर्यादा काटेकोर मापनास पुरेशी नसते. साध्या विवर्धकात पट्टरुंदीच्या एक-दशांश कंप्रतेलाच विवर्धन सु. ०·५ टक्क्याने घटते. बारा बिटांच्या परिवर्तकाच्या ४,०९६ पायऱ्यांपैकी ही तूट सु. २० पायऱ्यांची होते. चुकीचा अंक दिसावयास बरोबर अंकासारखाच असल्याने हा दोष अंकांच्या नुसत्या यादीवरून ओळखता येत नाही. परिवर्तकाच्या इतिहासात पट्टरुंदीला महत्त्व आले ते यामुळेच.

या प्रश्नाचे मूळ दूरध्वनीत आहे. लांब पल्ल्याच्या तारमार्गावर अनेक विवर्धक एकापाठोपाठ जोडावे लागत व प्रत्येकातील विकृती पुढे साठत जाई. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये विवर्धकाच्या प्रदानाचा काही अंश उलट कलेत आदानाकडे परत देण्याची, म्हणजे ऋण पुनःप्रदायाची, कल्पना मांडली. तीमुळे विवर्धन घटते. परंतु विकृती कमी होऊन पट्टरुंदी वाढते. अशा मंडलाच्या स्थैर्याचा निकष हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये दिला. ध्वनीचे नमुने घेऊन ते अंकसंकेतांच्या रूपाने पाठविण्याची पद्धती ॲलेक रीव्ह्‌ज यांनी पॅरिस येथे शोधून काढली व १९३८ मध्ये तिच्या फ्रेंच एकस्वासाठी अर्ज केला.

बर्नार्ड गॉर्डन यांच्या एप्स्को कंपनीने १९५४ मध्ये ‘डेट्रॅक’ हा निर्वात नलिकांचा परिवर्तक विक्रीस आणला. तो ११ बिटांचा असून सेकंदाला ५०,००० नमुने मोजी. एका मापनास लागणाऱ्या २० मायक्रोसेकंदांत दाब एका पायरीहून अधिक बदलू द्यावयाचा नसेल, तर पूर्ण आवाक्याचा संकेत सु. ८ हर्ट्‌झपेक्षा जलद असून चालत नाही. ही अडचण टाळण्यासाठी दाब क्षणभर धरून ठेवणारे मंडल त्यातच बसविले होते. मात्र नमुना घेणाऱ्या मंडलाची पट्टरुंदी पुरेशी असणे त्यामुळे अधिकच आवश्यक झाले.

संकलित मंडलांच्या युगात ब्लॅक यांनी दाखविलेली देवघेव नेमक्या आकड्यांत दिसू लागली. फेअरचाइल्ड कंपनीच्या १९६८ मधील ७४१ या विवर्धकात स्थैर्यासाठी सु. ३० पिकोफॅराडचे धारित्र आतच घातलेले होते. परिणामी विवर्धन व पट्टरुंदी यांचा गुणाकार सु. १ मेगॅहर्ट्‌झ राहिला. विवर्धन एकपट असता पट्टरुंदी १ मेगॅहर्ट्‌झ, तर शंभरपट असता केवळ १० किलोहर्ट्‌झ मिळते. शिवाय त्याचे प्रदान मायक्रोसेकंदास सु. अर्धा व्होल्ट एवढ्याच वेगाने बदलू शकत असल्याने १० व्होल्ट परमप्रसराच्या संकेतासाठी मर्यादा सु. ८ किलोहर्ट्‌झवर येते.

परिवर्तकाच्या दृष्टीने खरा प्रश्न प्रदान स्थिरावण्याचा आहे. आदान एकदम बदलल्यावर बारा बिटांच्या अर्ध्या पायरीपर्यंत स्थिरावण्यास साध्या विवर्धकाला सु. ९ कालस्थिरांक लागतात. पट्टरुंदी १ मेगॅहर्ट्‌झ असल्यास हा काळ सु. १·४ मायक्रोसेकंद, तर १० किलोहर्ट्‌झ असल्यास सु. १४३ मायक्रोसेकंद होतो. दुसऱ्या स्थितीत परस्परांपासून अगदी भिन्न असे नमुने सेकंदाला सु. ७,००० पेक्षा अधिक वेळा अचूकपणे मोजता येत नाहीत. परिवर्तक स्वतः कितीही जलद असला, तरी हे बंधन सुटत नाही.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स मॅक्रिअरी व पॉल ग्रे यांनी १९७५ मध्ये वर्णिलेल्या परिवर्तकात धारित्रांचा संचच नमुना धरण्याचे कार्य करीत असे. तेथेच स्टीफन लुइस व ग्रे यांनी १९८७ मध्ये सेकंदाला ५० लक्ष नमुने घेणारा ९ बिटांचा टप्प्याटप्प्यांचा परिवर्तक मांडला. अशा रचनेत प्रत्येक टप्प्यानंतर उरलेला दाब विवर्धित करून पुढे द्यावयाचा असल्याने आतील विवर्धकच वेगाची मर्यादा ठरवू लागले.

पट्टरुंदी हवी तितकी वाढविणे हाही उपाय नव्हे. संवाहकातील उष्णतेने निर्माण होणाऱ्या विद्युत् गोंगाटाचा दाब पट्टरुंदीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. पट्टरुंदी चौपट केल्यास तो दुप्पट होतो, आणि नमुने घेण्याच्या कंप्रतेच्या निम्म्याहून वरचा गोंगाट दुमडून उपयुक्त पट्ट्यात येतो. एकदा मिसळलेला हा गोंगाट नंतरच्या गणिताने पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. म्हणून वजन किंवा तापमान यांसारख्या मंद राशींसाठी अरुंद, तर रडारसारख्या जलद संकेतांसाठी रुंद पट्टा निवडतात. विवर्धन बदलता येणाऱ्या परिवर्तकांत उत्पादकाने दिलेली पट्टरुंदी कोणत्या विवर्धनाची आहे, हे पाहिल्याशिवाय मिळालेल्या अंकांवर विसंबणे योग्य ठरत नाही.