भजनी वही व मोबाइलचा पडदा
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील भजनी मंडळांत जीर्ण वहीऐवजी पेटीच्या फळीवर मोबाइल वा टॅब्लेट टेकवून, पडद्यावरील अभंग पाहत गाण्याचा अलीकडचा प्रघात. ज्या मुलखात तुकारामांचे गुरू मानले गेलेल्या बाबाजी चैतन्यांचे ओतूर आणि ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी जेथे मानली जाते ते आळे आहे, तेथे चाल कानाने व शब्द पाठांतराने जतन होत आले. संगीतशास्त्रकार भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलिपी संगीतवर्गांत रूढ झाली, तरी भजनी वहीत बहुधा शब्दच उतरले, सूर परंपरेच्याच हवाली राहिले. अंधुक मंडपात पडद्यावरचे अक्षर मोठे करता येणे हा वृद्ध गायकांस मोठाच दिलासा होय. मात्र दोन्ही हात टाळांत गुंतले असता पडदा मालवला तर चरण अर्ध्यावर तुटतो, यास्तव मालवण्याची मुदत आधीच वाढवून ठेवणे इष्ट.