शस्त्रवैद्याचा दीप आणि त्याची परीक्षा

शस्त्रक्रियेच्या वेळीं रोगट भाग आपण होऊन चमकूं लागला तर वैद्याचें काम किती सुकर होईल! परंतु त्या चमकेवर विश्वास कितपत ठेवावा? निरोगी भाग चमकला तर तो व्यर्थ कापला जाईल. रोगट भाग अंधारांत राहिला तर रोग मागें उरेल. म्हणून अशा द्रव्याची परीक्षा रुग्णाच्या देहांत तें शिरण्यापूर्वींच व्हावी लागते.

एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देण्याच्या गुणाला प्रतिदीप्ति म्हणतात. हा गुण असलेलें फ्लुओरेसीन हें द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बेयर यांनीं १८७१ सालीं तयार केलें. पुढें अशा द्रव्यांची परीक्षा कित्येक संशोधकांनीं स्वतःच्याच देहावर केली. १९१२ सालीं फ्रीड्रिख मायर-बेत्स या जर्मन वैद्यानें प्रकाशाचा परिणाम पाहण्यासाठीं २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन आपल्या शिरेंत टोचून घेतलें. उन्हांत जातांच त्याचा चेहरा व हात सुजले आणि ही पीडा कित्येक आठवडे टिकली. पुढें अमेरिकेंत इंडियाना येथें नोव्हॉट्नी व अल्विस या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीं डोळ्यांतील रक्तवाहिन्यांच्या छायाचित्रणासाठीं फ्लुओरेसीन प्रथम कोणी टोचून घ्यावें, याचा निर्णय नाणें उडवून केला! अल्विसची पाळी आली. हें काम १९६१ सालीं प्रसिद्ध झालें.

हें धैर्य थोर खरें. परंतु निरोगी देहाची साक्ष कर्करोगाविषयीं काय सांगणार? ती साक्ष शस्त्रक्रियेंत कापून काढलेलें मानवी ऊतकच देऊं शकतें. त्याच्या परीक्षेंत कोणाच्या जिवाला धोका नसतो. फोलेट या जीवनसत्त्वाला धरून ठेवणारे ग्राही रेणु कोणत्या ऊतकांत किती आहेत, याचें मापन अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें. अंडाशयाच्या कर्करोगांत ते विपुल आढळले. पण निरोगी मूत्रपिंडांतहि ते होतेच. मूत्रपिंडाची चमक रोगाची खूण मानूं नये, हा इशारा अशा रीतीनें आधींच मिळाला.

२०११ सालीं हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथें फोलेटला फ्लुओरेसीन जोडून केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. बेयर यांचें जुनें द्रव्य असें नव्या कामाला लागलें. त्याचा प्रकाश ऊतकांत खोलवरून दिसत नसे. म्हणून पुढें अवरक्त प्रकाश देणारें पॅफोलासायनीन तयार झालें आणि २०२१ सालीं त्याला अमेरिकेंत मान्यता मिळाली. तरीहि रोगमुक्त लसिकाग्रंथि कधीं कधीं चमकतात, असें प्रत्यक्ष रुग्णांत दिसून आलें.

कापलेल्या ऊतकांत रक्त वाहत नाहीं. द्रव्य देहांत कोठें पोहोंचेल आणि किती वेळ राहील, हें तें सांगूं शकत नाहीं. त्यामुळें रुग्णांवरील चाचणी टळत नाहीं. परंतु त्या चाचणीस संमति देणाऱ्या रुग्णाला अंधारांत उडी घ्यावी लागूं नये, एवढें तरी प्रयोगशाळेनें आधीं करून ठेवलेंच पाहिजे.