नामं आणि क्रियापदं: सॉफ्टवेअर डिझाइनमधली एक जुनी फारकत

बऱ्याच एटीएममध्ये आधी कार्ड परत मिळतं आणि मग नोटा. असं का, कधी विचार केलाय? नोटा आधी हातात आल्या की काम झालं असं वाटून माणूस निघतो आणि कार्ड मशीनमध्येच राहतं. आता गंमत बघा. प्रोग्रामरच्या आराखड्यात 'खातं', 'कार्ड', 'व्यवहार' हे सगळं असतं. पण आधी काय द्यायचं हे त्यातल्या कुठल्याच वस्तूकडे बघून ठरत नाही. ते माणसाच्या कामावरून ठरतं. माझं संशोधन याच सांध्यावर आहे, म्हणून त्याचा थोडा इतिहास सांगते.

योगायोग असा की दोन्ही विचार १९६७ सालीच पुढे आले. ऑस्लोमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा मांडली. क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पनांचं मूळ तिथे आहे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ॲनेट आणि डंकन या मानसशास्त्रज्ञांनी कामाचं विश्लेषण करायची पद्धत दिली: मोठं उद्दिष्ट, त्यातली छोटी उद्दिष्टं आणि ती कुठल्या क्रमाने गाठायची याची योजना. व्याकरणाच्या भाषेत, एकीकडे नामं आणि दुसरीकडे क्रियापदं.

या दोन्हींमध्ये पूल बांधला तो स्वीडनच्या इव्हार याकोबसन यांनी. एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्सचेंजवर काम केलेल्या या अभियंत्याने १९८७ मध्ये 'यूज केस' मांडली आणि १९९२ च्या पुस्तकात तिला केंद्रस्थानी आणलं. वापरणारा काय करतो ते आधी लिहा, मग त्यातून ऑब्जेक्ट शोधा, असा हा मार्ग.

पण हा पूल अर्धाच होता. लोक यूज केसमध्ये 'कार्ड घाला, पिन टाका, बटण दाबा' असं लिहू लागले. म्हणजे मशीन कसं असेल हे आधीच ठरलेलं! १९९९ मध्ये लॅरी कॉन्स्टंटाइन आणि लुसी लॉकवुड यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं, फक्त हेतू लिहा: ओळख पटवणं, रक्कम निवडणं, पैसे घेणं. ओळख कार्डाने पटवायची की बोटाच्या ठशाने, ते नंतर बघू.

हे केलं नाही तर काय होतं, ते तुम्हीही भोगलं असेल. ऑनलाइन अर्जात तोच पत्ता तीनदा भरायचा, का तर आत तीन वेगळे तक्ते आहेत. पुढच्या वेळी असं अडलात तर 'मला कॉम्प्युटर जमत नाही' म्हणण्याआधी विचारा: हे बनवणाऱ्याने माझं काम कधी लिहून काढलं होतं का?