ॲडमिरल वॉटसनची सही

मराठ्यांच्या इतिहासात ॲडमिरल चार्ल्स वॉटसन हे नाव एकाच प्रसंगापुरते येते. दि. १३ फेब्रुवारी १७५६ रोजी त्याने विजयदुर्ग घेतला, तुळाजी आंग्र्याचे आरमार जळाले, आणि आपल्या ग्रंथांतून हा इसम नाहीसा झाला. आपल्या अभ्यासकांचा सारा रोख, आरमार परक्याकडून बुडविण्याचा दोष नानासाहेब पेशव्यांकडे किती जातो, या प्रश्नावर राहिला. तो रास्तच होय. परंतु त्यामुळे ज्याच्या हातून हे घडले त्या माणसाची पारख करावयाची राहून गेली.

वॉटसन १७१४ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. चौदाव्या वर्षी तो आरमारात शिरला व चोविसाव्या वर्षी कप्तान झाला. त्याचा आप्त सर चार्ल्स वेगर हा त्या काळी इंग्लंडच्या आरमारखात्याचा प्रमुख होता, हे या जलद बढतीच्या मुळाशी असावे. पण पुढची कीर्ती त्याची स्वतःची आहे. तूलाँच्या लढाईत (१७४४) तो होता. १७४७ साली फिनिस्टेअरजवळ फ्रेंचांशी झालेल्या दोन्ही युद्धांत होता. १७४८ साली तो रिअर ॲडमिरल झाला आणि १७५४ साली राजाचे आरमार घेऊन हिंदुस्थानाकडे निघाला. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. सुवर्णदुर्ग घेणारा जेम्स हा कंपनीचा चाकर होता. वॉटसन राजाचा अधिकारी होता, आणि या भेदाचा त्याला कधीही विसर पडला नाही.

विजयदुर्गावर, म्हणजे इंग्रजांच्या ‘घेरिया’वर, जाण्यासाठी मुंबई सोडण्यापूर्वीच आरमाराचे व लष्कराचे अधिकारी लुटीचे वाटे ठरवून मोकळे झाले होते. त्यात पेशव्यांचे नाव नव्हते. क्लाइव्हचा वाटा कमी पडतो अशी कुरबुर होताच, वॉटसनने आपल्या हिश्शातून भरपाई करण्याची तयारी दाखविली. मित्राशी इतका उदार असलेला हा गृहस्थ दोस्ताच्या बाबतीत मात्र निराळा वागला. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करीत असतानाच १२ तारखेस तोफा सुरू झाल्या. एका गोळ्याने ‘रिस्टोरेशन’ हे जहाज पेटले. ते आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच पाडाव केलेले होते. ती आग पसरत जाऊन सगळे आरमार भस्म झाले. त्याच रात्री क्लाइव्हची फौज किनाऱ्यावर उतरली व किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मध्ये ठाण मांडून बसली. सुमारे दहा लक्षांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्ला परत मिळण्यास पुण्याचा ऑक्टोबरचा तह व्हावा लागला, आणि त्यात बाणकोट इंग्रजांकडे राहिले.

तथापि त्याच किल्ल्यात तुळाजीच्या कुटुंबातील स्त्रिया व मुले यांना भेटताना वॉटसनला अश्रू आवरेनात, असे त्याच्या जहाजावरील शस्त्रवैद्य आइव्हज याने लिहून ठेवले आहे. ते खोटे मानण्यास मला कारण दिसत नाही.

पुढे वर्षभरातच तो बंगालच्या राजकारणात सापडला. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेताच किल्ल्याचा अधिकार राजाच्या पलटणीतील कप्तान कूट यास दिल्याचे त्याने जाहीर केले. क्लाइव्ह हटेना, तेव्हा किल्ल्यावर तोफा डागण्याची धमकी देण्यापर्यंत मजल गेली! चंदननगरवर चालून जाण्यापूर्वीही नवाबाची संमती हवी म्हणून तो अडून बसला. आणि नवाबाचे एक संदिग्ध पत्र येताच त्यातून संमती काढून मोकळा झाला. मग मात्र त्याने कसूर केली नाही. २३ मार्चच्या लढाईत त्याचे ‘केंट’ हे जहाज इतके मोडले, की ते पुन्हा समुद्रावर जाऊ शकले नाही.

या स्वभावाची खरी कसोटी पुढेच होती. मीर जाफरशी कारस्थान चालू असता, ते फोडण्याची भीती घालून अमीरचंद सावकाराने मोठा वाटा मागितला. क्लाइव्हने दोन करारपत्रे केली : पांढऱ्या कागदावर खरे, लाल कागदावर खोटे. लाल पत्रात तेवढे अमीरचंदाचे कलम होते. पांढऱ्यावर वॉटसनने सही केली. लाल कागदावर करण्यास नकार दिला. तेव्हा लशिंग्टन नावाच्या तरुण कारकुनाकडून त्याची सही घालविण्यात आली.

वॉटसनच्या चरित्रातील हा मोठा क्षण म्हणून सांगतात. माझ्या मते त्याचे मोल मर्यादित आहे. खोटा कागद कशासाठी तयार होत आहे हे त्याला ठाऊक होते. त्याने स्वतःचे नाव वाचविले. अमीरचंदाला सावध केले नाही, कारस्थानातून अंग काढून घेतले नाही. घेरियाच्या वाट्यांच्या वेळीही हेच दिसते : आपला शब्द, आपले पद आणि आपली सही यांच्या आत तो काटेकोर, त्यापलीकडे जे फसतील त्यांची जबाबदारी तो आपली मानीत नसे.

प्लासीनंतर दोन महिन्यांच्या आतच, १६ ऑगस्ट १७५७ रोजी, कलकत्त्यात ज्वराने त्याचा अंत झाला. कंपनीने वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे भव्य स्मारक उभारले. त्यावर घेरिया, कलकत्ता व चंदननगर ही तीन नावे तारखांसह कोरलेली आहेत. १७७२ साली पार्लमेंटच्या समितीने लाल कागदाविषयी विचारले, तेव्हा क्लाइव्हने सांगितले, की वॉटसनने सही केली नाही. पण आपले नाव घालण्यास त्याची हरकत नव्हती अशी आपली समजूत आहे, आणि तसा प्रसंग आल्यास आपण शंभर वेळा तसेच करू. लशिंग्टन १७६३ सालीच पाटण्याच्या कत्तलीत मारला गेला होता, आणि वॉटसनला जाऊन पंधरा वर्षे होत आली होती.