एरेनफेल्स
दुसऱ्या महायुद्धात गोव्याच्या मुरगाव बंदरात बुडालेले जर्मन मालवाहू जहाज. ब्रिटिश नौदलाला चुकवण्यासाठी एरेनफेल्स, ब्राउनफेल्स व द्राखेनफेल्स या जर्मन जहाजांनी तटस्थ पोर्तुगालच्या या बंदरात आसरा घेतला होता. इटलीचे आन्फोराही तेथेच होते. एरेनफेल्सवरील गुप्त बिनतारी यंत्रातून मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिशांचा आरोप होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘फीबी’ या बार्जमधून ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’ या पलटणींच्या स्वयंसेवकांनी छापा घातला. त्यांत बहुतेक पेशाने व्यापारी, वयाने उतरणीला लागलेले. नेतृत्व लुईस प्यू यांचे. कप्तानासह काही जर्मन मारले गेले. खलाशांनी जहाज स्वतःच बुडवले. शेजारच्या तिन्ही जहाजांवरही तेच घडले. तटस्थतेचा हा उघड भंग असल्याने मोहीम अनेक वर्षे गुप्त राहिली आणि या माणसांना पदके मिळाली नाहीत, हे अन्यायाचेच होते. जेम्स लीझर यांचे ‘बोर्डिंग पार्टी’ (१९७८) हे पुस्तक आणि त्यावरील ‘द सी वुल्व्ज’ (१९८०) हा चित्रपट यांमुळे ती सर्वज्ञात झाली.

मुरगावजवळच्या ग्रँड बेटालगत ‘सूझीज रेक’ या बुडालेल्या जहाजाच्या अवशेषापाशी स्कूबा डायव्हिंग चालते. तो अवशेष मात्र या चार जहाजांपैकी नव्हे.